अजून बोलत नाही, तर किती थांबायचं?

या खेपेला आलेल्या पत्रांत आणि व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमधे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच विषयाचे निघाले, बाळाचं बोलणं. म्हणून दात, जुलाब आणि रात्रीचं जागरण पुढच्या अंकात घेते. लांब पत्रं कापून छापलीत, नावं नेहमीसारखी काढलीत.

प्रश्न : ताई, आमचं पिल्लू २२ महिन्यांचं आहे. एकत्र कुटुंब, घरात नऊ माणसं. तो आई, आबा, आत्या, हम्मा, भुर्र आणि 'दे' एवढंच बोलतो, बाकी सगळं बोट दाखवून नाहीतर हात धरून ओढत नेऊन. शेजारची मुलगी त्याच्याएवढीच आहे, ती सरळ 'आज्जी इकडं ये' म्हणते. सासूबाई म्हणतात याचा बाप पण तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता बघ गप्प बसतोय का. मिस्टर म्हणतात तू उगाच टेन्शन घेतीस. घेऊ का नको?
– एक आई, कराड तालुका

उत्तर : टेन्शन घेऊ नका, पण 'बघू पुढं' म्हणून सोडूनही देऊ नका. शब्द मोजणं जरा बाजूला ठेवा आणि आधी त्याला कळतं किती ते बघा. हाताने काही न दाखवता, नुसतं तोंडाने 'आबांची चप्पल आण' म्हटलं तर आणतो का? नाव घेतलं की वळतो का? दारात मांजर आलं किंवा उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला की बोट करतो आणि मग मागं वळून तुमच्या तोंडाकडं बघतो का, तू पण बघितलंस ना अशा नजरेनं? हे बोट फार मोलाचं असतं बरं का. बिस्किट पाहिजे म्हणून तुमचा हात धरून डब्यापाशी नेणं हे मागणं झालं, आणि गंमत वाटली म्हणून दुसऱ्याला दाखवणं ह्या गप्पा झाल्या, फक्त अजून शब्द आले नाहीत एवढंच. तुमच्या पत्रावरून दोन्ही होत असावं असं वाटतंय, पण आठवडाभर जरा लक्ष ठेवून बघा की तो बोट नक्की कशासाठी करतोय.

आता शब्द. तुम्ही सहा लिहिलेत, आणि हम्मा, भुर्र हे पण त्यात धरायचेच, म्हशीला दर वेळी हम्माच म्हणत असेल तर तो शब्द झाला, उच्चार कसाही असू दे. पण २२ महिन्यांना सहा हे कमी आहेत, गोड बोलून उपयोग नाही. स्पीच थेरपीत बरीच वर्षं असं मोजमाप आहे की दोन वर्षांचं मूल ५० शब्द बोलत नसेल किंवा दोन शब्द जोडत नसेल, म्हणजे 'आबा ये', 'दुदू दे' असं, तर त्याला उशिरा बोलणारं धरायचं. अमेरिकेतल्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, २०२२ साली मूल कुठल्या वयात काय करतं याचा त्यांचा तक्ता बदलला आणि ५० शब्द अडीच वर्षांवर नेले, तो तक्ता हल्ली सगळ्या आयांच्या ग्रुपवर फिरतो आणि खाली कुणीतरी लिहितंच की बघा अजून टाइम आहे. मला तो तक्ता जरा ढिलाच वाटतो. त्यातला आकडा म्हणजे शंभरातल्या ७५ किंवा जास्त मुलांना तोवर ते जमलेलं असतं, म्हणजे तिथं पोचेपर्यंत काहीच करू नका असा त्याचा अर्थ होत नाही. आणि दोन शब्द जोडणं त्या नव्या तक्त्यातसुद्धा दोन वर्षांनाच आहे, ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका, त्यांनी नकळत कामाची माहिती दिलीय. घरात कुणी उशिरा बोललेलं असणं हा खरंच एक मुद्दा असतो, आम्ही पहिल्या भेटीत तेच विचारतो, आणि मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हेही खरं. दोन वर्षांच्या शंभर मुलांत साधारण दहा-पंधरा अशी उशिरा बोलणारी निघतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त पुढं दोनेक वर्षांत बाकीच्यांना गाठतात. अडचण अशी की त्या वयात कुठलं पोर गाठणार आणि कुठलं मागं राहणार हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, कळणं चांगलं असेल आणि हातवारे भरपूर असतील तर आशा जास्त, एवढंच. बाप उशिरा बोलला म्हणून याचं लवकर बघायला पाहिजे, असं मी म्हणेन, आणि सासूबाई त्याच गोष्टीवरून थांब म्हणतायत.

आणि सगळ्यात आधी कान. 'ऐकू तर येतंय हो, ताट वाजवलं की वळतो' हे मी रोज ऐकते. ताट, कुकरची शिट्टी, फटाका हे मोठे आवाज आहेत, काही तर जमिनीतून हादऱ्यानेसुद्धा कळतात. बोलण्यातले स, श, फ, ख हे बारीक आवाज ऐकू येत नसले तरी पोर ताटाला वळतंच. सर्दी सारखी होत असेल तर कानाच्या पडद्यामागं पाणी साठून राहतं, मग कधी नीट ऐकू येतं कधी भरल्यासारखं, आणि घरच्यांना वाटतं हा मुद्दाम दुर्लक्ष करतोय. ओएई आणि बेरा या ऐकू येतं का ते मशीनवर बघायच्या तपासण्या आणि कानाच्या पडद्याची इम्पिडन्स तपासणी, यात सुई नाही, दुखत नाही, पोर झोपलेलं असलं की काम सोपं होतं, म्हणून जाताना दुपारची झोप तिथंच लागेल असा बेत करा. जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं असेल किंवा कावीळ जास्त होऊन रक्त बदलावं लागलं असेल तर ही तपासणी टाळूच नका.

घरात नऊ माणसं आहेत म्हणून त्याला उशीर झाला असं मी म्हणणार नाही. पण नऊ माणसांच्या घरात मागायच्या आधीच सगळं हातात येतं, हे मात्र बघितलंय. त्याने बाटलीकडं बघितलं की आत्या उठते. आत्याला सांगा, दहा अंक मोजायचे मनातल्या मनात. त्याच्याकडं बघत, भुवया वर करून, गप्प. काहीतरी आवाज काढेल, 'पा' म्हणेल, मग लगेच द्यायचं आणि म्हणायचं 'पाणी, पाणी पाहिजे होय, घे थंड पाणी'. तो एक बोलला की तुम्ही त्यात एक-दोन शब्द घालून परत द्यायचं, त्याने गाडी म्हटलं तर लाल गाडी, एसटी गेली. केळं का बिस्किट असं दोन्ही हातात धरून विचारायचं. पण 'हे काय? सांग. म्हण ना. म्हण' हे बंद, आणि पाहुणे आले की 'काकांना हम्मा करून दाखव' हे तर पहिलं बंद करा. मोठ्या माणसाला कुणी सगळ्यांदेखत बोलून दाखव म्हटलं तर त्याचीही जीभ टाळूला चिकटते.

कानाची तपासणी या महिन्यात करून घ्या. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत दोन शब्द जोडायला लागला नाही तर स्पीच थेरपिस्टकडं जायचं, तिसऱ्या वाढदिवसाची वाट बघायची नाही. शेजारच्या मुलीचं मला काही सांगू नका.

प्रश्न : बाळाशी मम्मं, भूभू, गाई, बाऊ असं बोलू नये, सुरवातीपासून शुद्धच बोलावं असं एका मॅडमनी सांगितलं. खरं का?
– सांगली

उत्तर : नाही. जगातल्या बऱ्याच भाषांत लोक तान्ह्या बाळाशी वरच्या पट्टीत, हेल काढून, हळू आणि परत परत बोलतात, आणि बाळं तशा बोलण्याकडं जास्त लक्ष देतात हे अनेकदा तपासून झालंय. मम्मं, पापा, टाटा हे आवाज ओठांनी आणि दातांजवळ निघणारे, त्या वयात जमणारे. आपल्याकडं तर नातीसुद्धा पोरांच्या सोयीची ठेवल्यासारखी आहेत, आबा, बाबा, मामा, नाना, दादा, काका, कुठलंही एक जमलं की घरातला एकजण तरी दिवसभर खूष. तीन वर्षांचं झाल्यावरही तुम्हीच त्याला 'तुला मम्मं हवं का' विचारत असाल तर मग बदला. तो 'ताता' म्हणतोय म्हणून तुम्ही काकाला ताता म्हणू नका, तुम्ही काकाच म्हणा, त्याचा त्याला क सापडेल. र आणि ळ तर बऱ्याच मुलांना चार-पाच वर्षांपर्यंत सापडत नाहीत, दोन वर्षांच्या पोराचा 'लामलाम' हा दोष नाही.

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याचे, गलाईचं (सोनं-चांदी गाळायचं) काम, मिस्टरांचं दुकान तमिळनाडूत आहे. मुलगी अडीच वर्षांची. घरात मराठी, शेजारी तमिळ, दुकानातली पोरं हिंदी, आणि जूनपासून प्लेग्रुपला घालायचं म्हणतोय तिथं इंग्लिश. ती सगळं कालवून बोलते, 'आई, तण्णी दे' म्हणते, तण्णी म्हणजे पाणी. दिवाळीला गावी आलो तर सगळे म्हणाले पोरगी गोंधळलीय, म्हणूनच कमी बोलते, एकच भाषा ठेवा, आणि ठेवायची तर इंग्लिश ठेवा. मराठी बंद करायची का?
– विटा, सध्या तमिळनाडू

उत्तर : अजिबात नाही, आणि हे उत्तर जरा लांब देते कारण खानापूर, आटपाडी, विटा भागातली किती घरं या कामासाठी देशभर पसरलीत, हाच प्रश्न मला केरळातून, आंध्रातून पण येतो.

दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळं मूल उशिरा बोलतं हे खरं नाही. दोन भाषांत वाढणारी मुलं पहिला शब्द, शब्द जोडणं हे टप्पे साधारण त्याच वयात गाठतात. गोंधळ होतो तो मोजणाऱ्याचा. गावातल्या मावशीला तिचे मराठी शब्द समजा तीस ऐकू आले, त्यांनी मनात धरलं तीस. तमिळचे पंचवीस त्यांना कळलेच नाहीत. तुम्ही एक वही करा आणि सगळ्या भाषांतले शब्द एकत्र लिहा, पाणी आणि तण्णी दोन्ही येत असेल तर ते दोन धरा. बेरीज पन्नासच्या पुढं गेली आणि शब्द जोडतेय तर ती तिच्या वयाच्या ठिकाणीच आहे. 'आई, तण्णी दे' मधे तर तीन शब्द आहेत, आणि जागच्या जागी आहेत, मराठी क्रियापद शेवटी बसलंय. ज्या भाषेतला शब्द आधी हाताला लागला तो वापरला, यात गोंधळ कसला, तुम्ही नाही का 'टेन्शन' म्हणत.

बाळांचे कान तर आपल्यापेक्षा तयार असतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज या दोन संशोधकांनी १९८४ साली दाखवलं होतं की इंग्रजी बोलणाऱ्या घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट वेगळा ओळखतात, जो त्यांच्या आईबापांना कळतच नाही, आणि वर्षाची होईपर्यंत तो फरक ऐकू येणं बरचसं संपतं, कारण घरात कुणी तो वापरत नाही. म्हणजे लहान असताना दार उघडं असतं, आणि आपण काय बोलतो त्यावर ठरतं काय आत राहणार.

मराठी का ठेवायची तर तुम्हाला ती येते म्हणून. रागावणं, लाड, गोष्ट, भांडण, तिला गावच्या आज्जीशी बोलता येणं, हे सगळं ज्या भाषेत तुम्हाला सहज जमतं त्याच भाषेत तिला भरपूर ऐकायला मिळणार. आईनं अडखळत पंचवीस वाक्यं इंग्लिश बोलायचं, 'कम हिअर, ईट राइस', आणि बाकी वेळ गप्प, यात पोरगीचं नुकसान आहे, हे मी जरा चिडूनच लिहितेय कारण दर आठवड्याला एक तरी आई असं करून आलेली असते. इंग्लिश शाळेत शिकेल, नक्की शिकेल. तमिळ ती गल्लीत शिकतेय ते शिकू दे.

मात्र सगळ्या भाषा धरूनही शब्द कमीच भरले, किंवा कुठल्याच भाषेत सांगितलेलं तिला कळत नाही असं वाटलं तर भाषांवर खापर न फोडता तिथल्याच डॉक्टरांना दाखवा. उशीर खरा असेल तर तो तिच्या सगळ्या भाषांत दिसतो.

प्रश्न : आमच्या घरात मिस्टर फौजेत आहेत, सुट्टीवर वर्षातून दोनदा येतात. बाळ १६ महिन्यांचं. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर पप्पांना दाखवतो. नणंद म्हणते दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, डॉक्टर सांगतात, मग कॉल पण नको. दुसरं म्हणजे जेवताना कार्टून लावल्याशिवाय खात नाही, त्यातून एबीसीडी मात्र शिकलाय.
– सातारा तालुका

उत्तर : कॉल चालू ठेवा. आपल्या इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, २०२१ मधे जे सांगितलं त्यात दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको असंच आहे, पण घरच्यांशी व्हिडिओ कॉल त्यातून वगळलाय. नणंदेनं अर्धं ऐकलं. फरक असा की पप्पा त्याच्या आवाजाला उत्तर देतात आणि कार्टून देत नाही. पॅट्रिशिया कूल या संशोधक बाईंचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, २००३ सालचा, नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळवत ऐकवली तेव्हा त्यांचे कान त्या भाषेच्या आवाजांना तयार झाले, तीच माणसं तेवढाच वेळ टीव्हीवर दाखवली तर शून्य.

फक्त कॉलवर 'पप्पांना हाय कर, किस दे, बाय कर' एवढ्यावर संपवू नका. फोन तुम्ही धरा, पप्पांनी तिकडून त्याच्या हातातलं बघून बोलावं, 'अरे बॉल आणलास होय, टाक', आणि तुम्ही इकडं बॉल टाका. पोराने 'बा' केलं की पप्पांनी पण 'बा' करायचं आणि थांबायचं. पाच मिनिटं अशी झाली तर बास. रेंज गेली की रडेल, रडू दे.

एबीसीडीचं कौतुक करू नका. २६ अक्षरं म्हणून दाखवणारं पण 'पाणी दे' न म्हणणारं पोर माझ्याकडं येतं, आणि आईबाप मला आधी अक्षरंच म्हणून दाखवायला लावतात. जेवताना मोबाईल बंद केला की दोन-तीन दिवस घरात युद्ध होईल आणि तो कमी खाईल, आज्जीला आधीच सांगून ठेवा म्हणजे ती मधेच लावून देणार नाही. भूक लागल्यावर पोर खातं. घरात मालिका चालू असतात त्याचंही बघा, टीव्ही नुसता मागं चालू असला तरी मोठी माणसं पोराशी कमी बोलतात, आपल्याच घरात एक संध्याकाळ लक्ष दिलं तर कळेल.

प्रश्न : माझं माहेर पुण्याचं, सासर साताऱ्याचं. मुलगा तीन वर्षांचा, भरपूर बोलतो, पण 'मी जाते', 'मी जेवते' म्हणतो. सगळे हसतात, दीर तर मुद्दाम बोलायला लावतात. शिवाय 'मी करलं', 'बाबा जाला' असं पण.
– सातारा

उत्तर : दिवसभर त्याच्या कानावर 'मी' कुणाच्या तोंडून पडतं? तुमच्या. तुम्ही 'मी जाते' म्हणता, त्यानं तेच उचललं. मराठीत बोलणारा बाप्या की बाई यावर क्रियापद बदलतं हे त्याला अजून माहीत नाही आणि ते कुणी समजावून सांगायची गोष्ट पण नाही. त्यात तुमच्या घरात मजा अशी असणार की तुम्ही पुणेरी 'मी आले', आणि आज्जी, आत्या आपल्या इकडच्या बायकांसारखं 'मी आलो, मी जातो' म्हणत असतील, मग पोरानं करावं तरी काय. बाबा, आबा, दादा यांच्याबरोबर जास्त वेळ गेला, अंगणवाडीत पोरं भेटली की चारेक वर्षांपर्यंत जागेवर येतं. तो 'मी जाते' म्हणाला की 'हो, तू जातोस का, जा' एवढंच म्हणायचं.

'करलं' आणि 'जाला' तर मला आवडतात. असं त्याने कुणाकडून ऐकलेलंच नाही, धरलं, भरलं, पळाला, आला यावरून त्याने स्वतः नियम काढला आणि लावला. केलं, गेला हे नियमाबाहेरचे आहेत त्याला तो काय करणार. दिरांना सांगा हसणं बंद, पोरं हसण्यानं दोनपैकी एक करतात, एकतर तेच करत राहतात नाहीतर बोलायचंच बंद करतात.

प्रश्न : मुलगी २० महिन्यांची, तीन-चारच शब्द. गावात कुणी म्हणतं जीभ चिकटलीय, दोरा कापून आणा, कुणी वेखंड उगाळून जिभेला लावा म्हणतं, कुणी पोपटाचा उष्टा पेरू द्या म्हणतं.
– कोरेगाव

उत्तर : जिभेखालचा दोरा आखूड असेल तर तान्हेपणी अंगावर प्यायला त्रास होतो आणि पुढं काही थोडे उच्चार नीट येत नाहीत, पण त्यामुळं शब्दच येत नाहीत असं होत नाही. कापल्याने शब्दसंख्या वाढणार नाही. डॉक्टरांनी बघून सांगितलं तर गोष्ट वेगळी, गावातल्या कुणाच्या हातून नको. वेखंड नको, पोटात गेलं की उलट्या होतात आणि बोलण्याला त्याचा काही उपयोग नाही. मध लावायला सांगत असतील तर वर्षाच्या आतल्या बाळाला तर अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम नावाचा जिवावरचा आजार होऊ शकतो. पेरू धुऊन द्या, पोपटाला त्याचा वेगळा द्या. आणि कानाची तपासणी, वर पहिल्या उत्तरात लिहिलीय ती.

प्रश्न : मुलगा सव्वातीन वर्षांचा. छान बोलायचा, महिन्याभरापासून 'म म म मला', 'आई आई आई मी' असं अडकतो. शाळेत घालायच्या तोंडावर हे काय झालं?
– तासगाव

उत्तर : अडीच ते चार या वयात वाक्यं एकदम लांब व्हायला लागतात, डोक्यात खूप असतं आणि तोंडाला ते जुळवायला वेळ लागतो, त्यात बरीच मुलं अशी अडखळतात आणि बहुतेकांचं आपोआप जातं. तुम्ही 'हळू बोल', 'श्वास घे', 'परत नीट सांग' म्हणू नका, एवढं पाळलं तरी खूप झालं. त्याच्याकडं बघायचं, वाक्य त्याला पुरं करू द्यायचं, मधे शब्द भरायचा नाही, आणि स्वतः थोडं सावकाश बोलायचं. मात्र बोलताना तोंड वेडंवाकडं होतंय, मान झटकतो, आवाजच फुटत नाही असं अडकतो, बोलायचं टाळायला लागलाय, किंवा घरात कुणाला तोतरेपणा आहे, यातलं काही असेल तर लवकर दाखवा. नाहीतर सहा महिने बघायला हरकत नाही, या सगळ्या पत्रांत थांबा म्हणतेय असं हे एकच.

प्रश्न : नातू २० महिन्यांचा. पंधराव्या महिन्यात आबा, मम्मं, टाटा म्हणायचा. आता दोन महिने झाले एकही शब्द नाही. हाक मारली तर बघत नाही, पण टीव्हीवर जाहिरात लागली की पळत येतो. खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक तासभर फिरवत बसतो. सून म्हणते मोबाईलमुळं झालं, आम्ही मोबाईल बंद केलाय, आता महिनाभर वाट बघतोय. बरोबर आहे का?
– एक आजोबा, जत तालुका

उत्तर : आजोबा, वाट बघू नका. आलेले शब्द जाणं हे कुठल्याही वयात असो, त्याला थांबायचं नसतं, हा उशिरा बोलण्याचा प्रकार नाही. काय आहे ते मी पत्रावरून सांगणार नाही, सांगूही नये. कान तपासायला लागतील, जाहिरातीला पळत येतो म्हणून ऐकू येतं असं धरून चालू नका. त्याबरोबर त्याचं बघणं, खेळणं, हाकेला प्रतिसाद हे सगळं बालरोगतज्ज्ञांनी बघायला लागेल. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास शब्द जाणं हे काही वेळा ऑटिझममधे, म्हणजे स्वमग्नतेत, दिसतं, त्यासाठी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांकरता एम-चॅट नावाची साधी प्रश्नावली असते, आईला वीस प्रश्न विचारतात. त्यात काही निघालं म्हणजे निदान झालं असं नाही, पुढं नीट तपासायचं एवढाच त्याचा अर्थ. आणि सुनेला दोष देऊ नका, तिनं स्वतःला पण देऊ नये. मोबाईल बंद केला ते चांगलंच झालं, पण ऑटिझम मोबाईलमुळं होत नाही.

सरकारी वाट अशी आहे. गावातल्या अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा मुलं तपासायला येते, २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे आणि वाढीतला उशीर हा त्यांच्या तपासणीचा भागच आहे. टीम येईपर्यंत थांबायचं नाही, सेविकेला आजच सांगा, ती किंवा आशाताई फोन करून टीमच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतील आणि चिठ्ठी मिळेल. पुढची तपासणी जिल्हा पातळीवरच्या केंद्रात होते, पैसे लागत नाहीत. चिठ्ठीला उशीर होतोय असं दिसलं तर सरळ मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला जा, बालरोग आणि कान-नाक-घसा दोन्ही विभाग तिथं आहेत. नातवाला कधी फिट आली असेल, झोपेत दचकून अंग ताठ होत असेल तर ते आधी सांगा.

जाताना जन्मावेळचे कागद आणि लसीकरणाचं कार्ड घ्या. पंधराव्या महिन्यात तो आबा म्हणायचा त्याचा एखादा व्हिडिओ कुणाच्या ना कुणाच्या फोनमधे असेलच, तो शोधा, आणि आत्ताचा चाक फिरवतानाचा, हाक मारल्यावरचा असे दोन छोटे काढा, कारण हॉस्पिटलात नवीन जागी पोर वेगळंच वागतं आणि डॉक्टरांना घरातलं दिसत नाही. सुनेबरोबर मुलग्यालाही पाठवा, एकटीला नको. जतहून लवकरची एसटी धरा, केस पेपरला रांग असते, आणि पोराचं खाणं बरोबर घ्या.